घंटेच्या चाकावरचा होला

होला हा कबुतराच्या जातीचा पक्षी बांधकामाच्या बाबतीत अत्यंत बेजबाबदार आहे, हे विधान मी पूर्ण विचारांती करीत आहे. पाकोळी निदान चिखलाचे थर देते. होला चार काड्या आडव्या टाकतो, चार उभ्या टाकतो आणि त्यांवर अंडी घालून मोकळा होतो. खालून पाहिले तर तळातून अंडी दिसतात. आमच्या तंत्रनिकेतनात कोणी असे काम सादर केले असते, तर सरांनी ते विद्यार्थ्यासकट बाहेर काढले असते.

असे एक घरटे माझ्या लहानपणीच्या एका वसंतात चर्चच्या घंटेच्या चाकावर अवतरले आणि त्यात माझ्या ताईचे लग्न अडकले.

घंटेची रचना सांगणे आवश्यक आहे. मनोऱ्यात आडव्या तुळईला घंटा टांगलेली होती आणि तुळईच्या टोकाला एक मोठे लाकडी चाक होते. खालून दोर ओढला की चाक अर्धा फेरा घेई, घंटा झुले आणि लोलक आदळून सगळ्या गावाला ऐकू जाई. बाबा कारखान्यात फिटर होते आणि या घंटेची देखभाल हौसेने करीत. थंडी सरून झाडांना पालवी फुटली, आईने रजया उन्हात टाकल्या, की ते तेलाची बुधली घेऊन वर चढत आणि मी त्यांच्या मागोमाग. त्या वर्षी चढलो तो चाकाच्या दोन आऱ्यांच्या बेचक्यात होल्याची मादी बसलेली. तिने आमच्याकडे असे पाहिले, जणू आम्हीच न विचारता तिच्या घरात शिरलो होतो.

"दोर ओढला की संपलं," बाबा म्हणाले. "अंडी थेट पायरीवर."

घरी ही वार्ता पोहोचली तेव्हा आई आणि आत्या वाटाणे सोलीत होत्या आणि ताई लग्नाच्या झग्याला लेस लावीत होती. ताईच्या हातातली सुई थांबली.

तिच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. नवरी चर्चच्या दाराबाहेर पाऊल टाकते त्या क्षणी घंटा वाजायची, हा आमच्याकडचा रिवाज. गावातल्या प्रत्येक नवरीला ती मिळाली होती. एकट्या माझ्या आईला मिळाली नव्हती. आईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, घंटेचा आवाज खुलतो का हे पाहण्यासाठी उभ्या घंटेवर घण घातला आणि तिला तडा गेला. घंटा नव्याने ओतून येईपर्यंत ताई रांगू लागली होती. आतोबा पुढे वारले, तडा विसरला गेला, पण "मुकं लग्न" हा शब्द आत्याने काही विसरू दिला नाही. आपले लग्न मुके होऊ द्यायचे नाही, हे ताईने फ्रॉक घालायच्या वयातच ठरवले होते.

"बाबा, हलवा ना ते घरटं," ती म्हणाली.

"उचलण्यासारखं आहे काय त्यात? एक काडी धरली की बाकीच्या खाली."

"मग घणानं वाजवा," आत्या म्हणाली.

बाबांनी तोंड उघडले.

"अहो, चहा गार होतोय," आई घाईने म्हणाली. बाबांनी तोंड मिटले.

मग आईने वाटाण्याची शेवटची शेंग सोलली आणि निकाल दिला. "ज्यानं पाखराला जागा दिली, तो माझ्या लेकीला घंटा देईल. पिल्लं उडेपर्यंत कोणी दोराला हात लावायचा नाही."

"तुझ्या लग्नात पण हेच म्हणाली होतीस," आत्या म्हणाली. "देवानं काय दिलं? मुकं लग्न!"

"नवरा दिला की, वन्सं."

"तो आम्ही दिला!"

प्रकरण पाळकांकडे गेले. ते मनोऱ्याखाली उभे राहून बराच वेळ वर पाहत होते. "होला आहे म्हणता? चिमणी असती तरी तिची देवाला फिकीर आहेच. पण होला! वेदीमागच्या भिंतीवर ज्याच्या जातभाईचं, पवित्र आत्म्याच्या कबुतराचं, चित्र आहे, त्याला मी खाली पाडू? लोक काय म्हणतील?" रविवारी त्यांनी मंडळीला सांगितले की, हा आपल्या विश्वासाच्या परीक्षेचा काळ आहे, आपण शांतपणे वाट पाहावी. मंडळीने मान डोलावली आणि बाहेर पडताना एकूण एक जण मान वर करून मनोऱ्याकडे पाहत गेला. पाव-भट्टीवाला त्या नादात पायरी चुकला.

अंडी फुटली. दोन पिल्ले निघाली, दिसायला इतकी ओबडधोबड की जन्मदात्रीनेच काय ते कौतुक करावे. आमच्या घरातून त्या दिवसांत देवाकडे परस्परविरोधी अर्ज जात होते. रात्री ताई गुडघे टेकून "लवकर उडू देत" म्हणे. शेजारी मी "इतक्यात नको" म्हणे, कारण मला त्यांचा लळा लागला होता. आमच्या दोघांच्या मध्ये बसलेली आई फक्त "तू बघ" एवढेच म्हणे.

लग्नाचा आठवडा उजाडला तरी पिल्ले जागची हलेनात. तेव्हा पाळकांनी मला एकट्याला आत बोलावले आणि वेदीच्या टेबलावरच्या चादरीचा कोपरा उचलला. खाली शेजारच्या शाळेची पितळी घंटा होती, मुठीत धरून हलवायची.

"मुख्याध्यापकांकडून आणलीय," ते कुजबुजले. "ताई दारात आली की मला खुणावायचं. आणि हे कोणाला बोलायचं नाही. मी मंडळीला विश्वास शिकवतो ना, वाईट दिसेल."

मी शब्द दिला. त्याच संध्याकाळी बाबा मला चर्चच्या मागच्या झाडाकडे घेऊन गेले. फांदीला साखळीने रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. कारखान्याचा भोंगा वरचेवर बिघडत असे, तेव्हा सुट्टीचा इशारा म्हणून हाच वाजवीत. बाबांनी फांदीला दोन माणसांचे वजन देऊन आधीच तपासणी केली होती.

"आईला सांगायचं नाही. तिला वाटेल माझा देवावर भरवसा नाही."

"आहे ना?"

"आहे. पण आधार एकच ठेवू नये. हे त्यानंच शिकवलंय. डोळे दोन दिलेत."

मी पुन्हा शब्द दिला. घरी परतलो तो स्वयंपाकघरातून दबका खणखणाट आला. आई दोन मोठ्या पातेल्यांची जाड झाकणे एकमेकांवर हळूच आपटून पाहत होती. मला पाहून तिने ती शालीखाली लपवली. ती अर्थातच लपली नाहीत.

"आई! तू तर म्हणालीस, देव देईल."

"देईलच. पण त्याच्या कामाला हात लागतात, माझे रिकामे कशाला ठेवू? बाबांना बोलू नकोस. ते बिचारे माझ्या भरवशावर निर्धास्त आहेत."

तीन मोठ्या माणसांना तीन शब्द देऊन बसलेल्या मुलाला जेवण कसे जाते, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल.

लग्न शनिवारी सकाळी होते. बाबा पहाटेच वर चढून आले आणि दारात उभे राहून त्यांनी अहवाल दिला. "एक उडालं. दुसरं बसलंय. त्याच्या हालचालीत कुठलीही घाई दिसली नाही."

आत्या म्हणाली, "झालं! आईसारखी लेक."

ताई आरशासमोर उभी होती. ती रडेल असे सगळ्यांना वाटले. ती वळली आणि आईकडे पाहून म्हणाली, "राहू दे त्याला. आईचं घंटेवाचून काही अडलं का? माझंही नाही अडणार."

आईने तिची ओढणी सारखी केली. ती आधीच सारखी होती.

उपासना नीट पार पडली. बाके मात्र अर्धी रिकामी होती, कारण कारखाना चालू होता आणि शाळाही. ताई आपल्या नवऱ्याचा हात धरून दाराकडे निघाली. तिचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडले. मी पाळकांना खुणावले.

आणि वेदीजवळ शाळेची घंटा घणघणली. मागच्या झाडाखाली रूळ गर्जला. पहिल्या बाकावर आईने शाल भिरकावली आणि झाकणे कडाडली. तिघांनी एकमेकांचा आवाज ऐकला, तिघेही क्षणभर चपापले, आणि आता लपवण्यासारखे काही उरले नाही हे ध्यानात येताच तिघांनीही दुप्पट जोर लावला.

मग शेजारच्या शाळेचे दार फुटल्यासारखे उघडले. सुट्टी झाली समजून सगळी शाळा दप्तरे उडवीत रस्त्यावर आली. मुख्याध्यापक आमच्याच बाकावर बसले होते, "अरे, आत जा! आत जा!" असे ओरडत ते धावले आणि गर्दीत दिसेनासे झाले. दुसऱ्या बाजूने कारखान्याचे फाटक उघडले आणि तेलकट हातांची माणसे डबे घेऊन बाहेर पडली. बाबांचे फोरमन सर्वांत पुढे होते.

"काय हो, भोंगा पुन्हा बिघडला? सुट्टी झाली का?"

"नाही," हातोडा हाणीत बाबा म्हणाले, "लग्न झालं!"

फोरमन घटकाभर विचारात पडले. मग त्यांनी डबा खाली ठेवला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पाहता पाहता सगळा रस्ता टाळ्या वाजवू लागला. गावातल्या कोणत्याही नवरीच्या वाट्याला इतकी गर्दी आली नव्हती. ताई पायरीवर उभी राहून हसत होती आणि रडत होती.

"वर बघा!" मी ओरडलो.

या गदारोळाला कंटाळून दुसरे पिल्लू मनोऱ्याच्या खिडकीत आले होते. त्याने खाली जमलेल्या लोकांकडे पाहिले, पंख उघडले आणि नुकतीच सायकल शिकणाऱ्या माणसासारखे झोकांड्या खात शाळेच्या छपरावर जाऊन पडले. तिथे उभे राहून त्याने अंग झटकले.

आईने झाकणे आत्याच्या हातात दिली. "अहो! आता दोर ओढा!"

बाबा धावले. घंटा झुलली, आणि खरी, मोठी, सगळ्या गावाची घंटा ताईच्या डोक्यावर वाजू लागली. आत्याने थोडा वेळ नुसते ऐकले. मग तिने हातातली झाकणे इतक्या जोराने वाजवली की एकाची मूठ निखळली.

घंटा थांबल्यावर बाबा शिस्तीप्रमाणे पाहणीसाठी वर गेले, मीही गेलो. त्यांचे गणित सांगत होते की पहिल्याच झोक्याला घरटे विस्कटून खाली पडेल. चाकाच्या बेचक्यात सगळ्या काड्या होत्या तिथेच होत्या. बाबांनी वाकून पाहिले, बोटाने किंचित हलवून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"हे कशावर टिकलंय?" ते स्वतःशीच पुटपुटले.

खाली येऊन त्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा आत्या उसळली. "म्हणजे आधीच वाजवता आली असती!"

"आत अंडी होती ना, वन्सं," आई म्हणाली. "ती पडली असती."

मी पुढे तंत्रनिकेतनात तीन वर्षे भार, ताण आणि आधार शिकलो आणि त्यानंतर आयुष्यभर पूल बांधले. त्या घरट्याचे गणित मी अनेकदा मांडून पाहिले आहे. ते दर वेळी पडते. होल्याची मादी मात्र पुढच्याच आठवड्यात परत आली, काड्या न तपासता त्यांच्यावर बसली आणि नव्याने अंडी घातली. ज्या दिवशी ही बातमी पसरली, त्याच दिवशी पाव-भट्टीवाला आपल्या मुलीच्या लग्नाची तारीख ठरवायला पाळकांकडे आला होता. पाळकांनी त्याचे शांतपणे ऐकून घेतले, खिडकीतून मनोऱ्याकडे पाहिले आणि मला हाक मारून विचारले, "बाळ, तुझ्या आईकडे ती झाकणं आहेत ना अजून?"