दसऱ्यापुरती गाडी

हनीफ मिस्त्रीने इंजिनातली ऑइलची काडी बाहेर ओढली, दोन बोटांत पुसली आणि ती बोटं पुंजाजीच्या नाकासमोर धरली.

"पाहा. चाय झाला."

ऑइलचा रंग खरोखरच दूध घातलेल्या चहासारखा दिसत होता. पुंजाजीने पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि खिशातला रुमाल काढून पुढे केला. मिस्त्रीने तो घेतला नाही. पँटलाच बोटं पुसली.

"ऑइलमंदी पानी घुसलं. ब्लॉकच चिरला असन. सारं खोलाव लागन, पिस्टन, रिंगा, सब नया. अन् चेसिसले किती डाव वेल्डिंग मारलं ते तुमालेबी माहीत, मलेबी माहीत."

"मंग होईन का नाई, तेवढं सांग."

"होईन काहून नाई? बुढ्याले नवे दात बसवले तं तो फुटाणे खाईन. पन हाडं तं बुढ्याचेच राह्यतीन ना, पुंजाजीभाऊ."

पुंजाजी पुढच्या टायरवर टेकला. हल्ली गुडघे त्याला फार वेळ उभं राहू देत नसत. बडनेरा रोडवरून नव्या गाड्या सुळसुळ जात होत्या आणि त्याचा ट्रक गॅरेजच्या दारात बॉनेट उघडं टाकून, दवाखान्यात जीभ दाखवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा उभा होता. हा ट्रक घेतला तेव्हा त्याचा मुलगा स्वप्निल रांगत होता. आता स्वप्निलची मुलगी खुशी शाळेत जाते. चांदूर बाजारची संत्री, अकोल्याची सरकी आणि ढेप, चिखलदऱ्याच्या घाटात सिमेंट, जे मिळेल ते या गाडीने वाहिलं. किलोमीटरचा काटा एका जागी थांबला त्याला जमाना झाला होता. तो थांबल्यावरही गाडी तेवढीच आणखी एकदा चालली असेल.

"बोला," मिस्त्री म्हणाला. "खोलू का झाकू?"

"दसऱ्यापर्यंत चालली पाहिजे."

मिस्त्रीने मान हलवली. दसऱ्याचं त्याला माहीत होतं. दर वर्षी अशोक विजयादशमीला पुंजाजीचा ट्रक गावातल्या बौद्धपुऱ्याला घेऊन नागपूरला, दीक्षाभूमीवर जाई. मागच्या हौद्यात तणसाचा थर, वर सतरंज्या, कडेला पंचशीलाचे झेंडे, एका कोपऱ्यात भांडी आणि चूल. कोणाकडून भाडं घ्यायचं नाही, हा पुंजाजीचा पहिल्या वर्षापासूनचा नेम होता. बाकी वर्षभर गाडी पोटासाठी चाले. त्या एका खेपेला ती गावाची असे.

"एका दसऱ्यासाठी इंजिन बांधता?"

"पुढच्या साली दसरा येत नाई का?"

मिस्त्री हसला, पण त्याने पाना हातात घेतला नाही. तेवढ्यात पुंजाजीचा फोन वाजला. अकोल्याहून स्वप्निल होता. तिथे तो एका डाळ मिलमध्ये कामाला होता आणि खोली करून राहत होता. बायको भावना आणि खुशी इथे गावी.

"बाबा, तो मानूस सोमवारपर्यंत थांबतो म्हनते. त्याच्यानंतर गाडी दुसऱ्याले देईन."

ती गाडी म्हणजे छोटी पिकअप, वापरलेली, पण धडधाकट. पुंजाजीने ट्रक भंगारात काढला आणि जवळ साठवलेलं त्यात घातलं की ती यायची. ती आली की स्वप्निल नोकरी सोडून संत्र्याच्या हंगामाला घरी येणार होता. साठवलेलं इंजिनात गेलं की पिकअप गेली, आणि स्वप्निल अकोल्यातच राहिला.

"सांगतो," पुंजाजी म्हणाला.

"तुमी सांगतो म्हनता अन् सांगत नाई."

"सांगतो म्हनलं ना बापा."

त्याने फोन खिशात ठेवला आणि मिस्त्रीला म्हणाला, "उद्या सांगतो. हात नको लावू."

गावात पोचेपर्यंत दिवस मावळला होता. बुद्धविहारात वंदना संपून माणसं पायरीवर, पारावर बसली होती. पुंजाजी अंग टाकल्यासारखा खाली बसला.

"काय म्हनते गाडी?" माणिकबाईने विचारलं. ही बौद्धपुऱ्यातली सगळ्यांत वयस्कर बाई. तिला नीट दिसत नसे, पण कोण आलं ते पावलांवरून कळे.

"गाडी म्हनते, मले आता पेन्शन द्या."

सगळे हसले. पुंजाजीने हसू ओसरू दिलं.

"माय, दसऱ्याले कोन कोन येते यंदा? म्हंजे मले तसं मिस्त्रीले सांगता येईन."

अमोल पारावर मोबाइल पाहत होता. पंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर कामाला असलेला, बोलायला चुरचुरीत पोरगा. त्याने मोबाइल पालथा घातला आणि माणिकबाईकडे पाहिलं.

"कोन कोन म्हंजे?" माणिकबाई म्हणाली. "सारेच. मी कॅबिनमंदी. माही जागा कोनाले देऊ नको."

"सारेच येतो, पुंजाजीमामा," अमोल म्हणाला. "ट्रकबिगर दसरा होते का?"

मग बाकीच्यांनीही माना डोलावल्या. पुंजाजीने एकेकाचं तोंड पाहिलं आणि त्याला वाटलं, आता ठरलंच. आपल्या हातात काही राहिलं नाही. माणसाला असं वाटलं की एक प्रकारे बरंही वाटतं.

घरी पंचफुला चुलीपुढे भाकरी थापत होती. भावना आत खुशीचा अभ्यास घेत होती. पुंजाजीची चाहूल लागताच खुशी धावत दारात आली.

"आजोबा, पप्पा सोमवारी येते का?"

"पाहू."

"पाहू म्हंजे नाई," खुशीने आत जाऊन आईला सांगितलं.

पंचफुलाने वर न बघता विचारलं, "काय ठरवलं?"

"इंजिन बांधतो. सारे येतो म्हनते. नाई कसं म्हनाव?"

"मले नाई विचारलं."

"तुले काय विचाराचं? तू तं येतंच."

"मी येतोच," पंचफुला म्हणाली. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "माह्या कमरेले विचारा एकडाव."

पुंजाजी भिंतीला टेकला होता. त्याने पाठ सरळ केली.

"काय झालं कमरेले?"

"काय व्हाचं? पह्यले आपन हायवेनं जात होतो. मोझरीले चहा, दुपारी नागपूर. आता मालाच्या गाडीत मानसं दिसले का पोलीस बाजूले घेते, म्हनून तुमी वरूड-काटोलकडून फिरवता. तो रस्ता हाय का? मागच्या साली त्या खड्ड्यात गाडी आपटली, माणिकमाय दिवाळीपर्यंत उठली नाई."

"तिले ताप होता ना?"

"तुमाले ताप सांगतला."

भाकरी फुगली. पंचफुलाने ती उलटली नाही.

"अमोल लय दिवसांपासून म्हनून राहिला, बस कराव. चार चार जनांनी मिळून कराव, कोनाले जड नाई. माणिकमायनंच त्याले गप केलं. म्हने, पुंजाजीनं गाडी आपल्यासाठीच ठेवली. त्याले कोन सांगन? त्याचं मन मोडन."

चुलीतलं लाकूड आपोआप पुढे सरकलं आणि ठिणग्या उडाल्या. पुंजाजीने ते परत आत सारलं.

"मी तं गावासाठी ठेवली," तो म्हणाला.

"गावबी तुमच्यासाठीच चढते तिच्यावर."

"अन् तू? तू काहून नाई सांगतलं?"

"मलेबी वाटे, तुमचं मन मोडन."

भाकरीचा जळका वास आला. पंचफुलाने ती उतरवून बाजूला ठेवली. पुंजाजीने ताट ओढलं आणि तीच जळकी भाकरी उचलून घेतली. एक तुकडा मोडला, पण तोंडाकडे नेला नाही.

"माहे डोये गेले," तो म्हणाला.

"काय?"

"गेले म्हंजे दिवसा दिसते. अंधार पडला का समोरच्या गाडीचे लाईट फुटते. दोनाचे चार दिसते. कोनतं खरं, कोनतं खोटं, कळत नाई. काटोलच्या रस्त्यानं मी अदमासानं चालवतो."

पंचफुलाचा पिठाचा हात परातीतच थांबला.

"कवापासून?"

"होऊन गेले दोन-तीन दसरे."

"मागं एवढे मानसं. पोट्टे. आपली खुशी."

"मी नाई म्हनलं असतं तं गाव कसं गेलं असतं?"

आत खुशी मोठ्याने पाढा म्हणत होती आणि एका आकड्यावर येऊन पुन्हा पुन्हा अडत होती. पंचफुलाने हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्या ताटातली जळकी भाकरी काढून घेतली. दुसरी वाढली.

"जेवा आता," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण लांबून आल्यासारखा.

सकाळी पुंजाजीने मिस्त्रीला फोन लावला.

"झाकून टाक."

"मंग दसरा?"

"दसरा गाडीवर येत नाई, हनीफ. तो आपला येते."

मग त्याने स्वप्निलला लावला. तो कामावर होता, मागे मिलचा आवाज होता. पुंजाजीला दोनदा ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा स्वप्निल "ऐकलं बाबा, ऐकलं" म्हणाला आणि तरी त्याने फोन ठेवला नाही.

संध्याकाळी वंदना झाल्यावर पुंजाजी विहाराच्या पायरीवर उभा राहिला. गुडघे दुखत होते, पण त्याला हे बसून सांगायचं नव्हतं.

"मिस्त्रीनं हात टेकले," तो म्हणाला. "इंजिन होत नाई म्हनते. लय जोर केला मी. पन आता काई इलाज नाई. गाडी भंगारात देतो."

विहाराच्या अंगणात चुकचुकण्याचा आवाज झाला. कोणी म्हणालं, "अरे अरे." कोणी म्हणालं, "सोन्यासारखी गाडी." माणिकबाईने पदर डोळ्याला लावला. पुंजाजीने ते सगळं ऐकून घेतलं. कालपर्यंत त्याने ते खरं मानून जसंच्या तसं घरी नेलं असतं.

"मंग यंदा कसं करता?" त्याने विचारलं.

"पाहू ना, मामा," अमोल म्हणाला. "चांदूर बाजारले एक ट्रॅव्हल्सवाला हाय वळखीचा. विचारून पाहतो." त्याने मोबाइल काढला, नंबर शोधावा लागला नाही. "हॅलो, हो, तीच. हो, पक्की करा."

माणिकबाईने हात लांबवून अमोलची मांडी चापटली. जोरात.

"आधी विचार तं खरं, किती शिटा हाय," ती म्हणाली.

"विचारतो ना, माय," अमोल म्हणाला आणि बंद झालेल्या फोनमध्ये पुन्हा बोलू लागला.

पुंजाजीने मान दुसरीकडे वळवली. हसू येत होतं, आणि त्या हसण्याखाली काहीतरी दुखत होतं. दोन्ही एकदम दाबायला त्याला थोडा वेळ लागला.

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच बस आली. पांढरी, खिडक्यांना पडदे असलेली. तिच्या बाजूला लिंबाखाली स्वप्निलची पिकअप उभी होती. तो तिची काच पुसत होता आणि खुशी आत बसून स्टिअरिंग धरून होती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पिशव्या, डबे, झेंडे. माणसं बसभोवती घोटाळत होती. अमोल यादी न पाहताच नावं ओरडत होता.

पुंजाजी घरून सगळ्यांत शेवटी आला. त्याच्या बगलेत लाकडी पायरी होती. संत्र्याच्या पेटीच्या फळ्या ठोकून त्याने ती एका वर्षी माणिकबाईसाठी केली होती, कारण ट्रकचा फुटबोर्ड तिच्या गुडघ्याच्या वर येई. ट्रक देताना त्याने कॅबिनमधून तेवढीच एक वस्तू काढून घेतली होती.

त्याने ती बसच्या दाराशी ठेवली. हाताने दाबून पाहिली, हलत तर नाही.

"अहो काका, गरज नाही तिची," बसचा ड्रायव्हर म्हणाला. "आमची पायरी खालीच आहे. लहान पोरगं चढतं."

खरंच होतं. बसची पायरी पुंजाजीच्या पायरीपेक्षा बोटभर खालीच होती.

पुंजाजी पायरी उचलायला वाकला. तेवढ्यात माणिकबाई पंचफुलाचा हात धरून आली. तिने काठी पुढे करून चाचपलं. काठी आधी फळ्यांना लागली, मग त्यांच्या पलीकडे बसच्या पायरीला. तिने काठीनेच दोन्हींची उंची ताडून पाहिली.

मग तिने पुंजाजीच्या खांद्यावर हात टेकला, पाय उचलून फळ्यांवर ठेवला, दुसराही ठेवला, आणि तिथून एक पाऊल खाली उतरून बसमध्ये चढली.

"बरी केली बापा आनली ते," ती म्हणाली. "हिच्याबिगर मी कशी चढली असती?"

पुंजाजीने पायरी दाराशी तशीच राहू दिली, सगळी चढेपर्यंत.