घोडं कुठे पेंड खातंय

बुद्धिबळाच्या पटावर एकटा घोडा सोडायचा, त्यानं चौसष्टही घरं फिरायची आणि एकाही घरात दुसऱ्यांदा पाय ठेवायचा नाही. हा प्रोग्राम मी लिहिला. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांची ताटं उचलल्यावर, तीन आठवडे खपून. माझे धाकटे दीर, म्हणजे आमचे लाडके भावजी, तो आयता कॉलेजात घेऊन गेले, वर स्वतःचं नाव टाकलं आणि प्राध्यापक झाले. मी त्याच कॉलेजात लॅब सांभाळते. सासूबाई म्हणाल्या, "घरातल्या घरातच राहिलं ना?" तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय, ते आजवर निवलेलं नाही.

परवा सकाळी भावजी लॅबमध्ये आले, तोंड एवढंसं करून. विभागप्रमुखाच्या जागेसाठी दुपारी समितीसमोर हाच प्रोग्राम चालवून दाखवायचा होता आणि तो दर वेळी "मार्ग नाही" म्हणून हात वर करत होता.

"वहिनी, घोडं कुठे पेंड खातंय ते बघा ना जरा. मी फक्त फालतू ओळी काढून नीटनेटका केला हो."

नीटनेटका! अहो, घोडा जाईल त्या घरात आकडा टाकतो. पुढे वाट बंद झाली की एक पाऊल मागे येतो आणि सोडलेल्या घरातला आकडा पुसतो, म्हणजे दुसऱ्या वाटेनं तिथे पुन्हा जाता येतं. पुसणारी ओळच या शहाण्यानं उडवली होती. लिहायचं आणि परत पुसायचं, हा काय रिकामा उद्योग, असं वाटलं असणार. आता घोडा मागे यायचा, पण सोडलेली घरं त्याला भरलेलीच दिसायची. मग जाणार कुठे, डोंबल?

पाच मिनिटांत मला सगळं कळलं. मी म्हटलं, "करून देते. पण समितीला सांगा, प्रोग्राम माझा आहे म्हणून."

भावजी हसले. "वहिनी, आता कुठे ते उकरून काढताय! तुम्ही काय परक्या आहात का?"

"बरं," मी म्हटलं. "जा तुम्ही निवांत. हॉलमधल्या मशीनवर मी चढवून ठेवते."

आणि चढवला. होता तस्सा, एका अक्षराला हात न लावता. पुन्हा एकदा चालवून बघतील ही भीती मला मुळीच नव्हती. या माणसानं घरात पाण्याचा ग्लाससुद्धा कधी स्वतः भरून घेतलेला नाही.

दुपारी समितीच्या तिघी समोर, मागे सगळे प्राध्यापक, कोपऱ्यात प्रोजेक्टर सांभाळायला मी. भावजींनी झकास भाषण ठोकलं आणि बटण दाबलं. घोडा सुसाट सुटला, कोपऱ्यात अडकला, एकेक घर मागे येत पहिल्या घरावर परतला. पडद्यावर ठळक अक्षरांत आलं, 'मार्ग नाही'.

पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"मार्ग आहे, हे सगळ्यांना माहीत आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलाय ना? मग चूक दाखवा."

भावजी कोड वरखाली करत राहिले. शेवटी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वहिनी, सांगा ना."

"प्रोग्राम कोणाचा?"

"तुमचा," ते पुटपुटले.

"मोठ्यानं, भावजी. मागे ऐकू जात नाहीये."

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे तोंड करून म्हणाले, "प्रोग्राम वहिनींचा आहे. मी चोरला."

चोरला म्हणा, असं मी सांगितलं नव्हतं. तो शब्द त्यांचा त्यांनीच काढला. मी कीबोर्ड ओढला, हरवलेली ओळ लिहिली, वरचं त्यांचं नाव खोडून माझं घातलं आणि बटण दाबलं. घोडा चौसष्टही घरं फिरला. भावजी खाली मान घालून उभे होते आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.