निघतो गं!

नोकरी गेली तरी विनायकची झोप सहालाच मोडायची. जासईच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. एका दुपारी साहेबांनी बोलावून चहा पाजला आणि माणसं कमी करतोय, उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तेव्हापासून नवीन पनवेलचा तो फ्लॅट त्याला खायला उठायचा. बायको अनुया बँकेत गेली की घरात तो आणि विधवा थोरली बहीण कुमुदताई. वाचलेलाच पेपर तो पुन्हा वाचायचा. मुलाखती व्हायच्या, फोन यायचे नाहीत. माणूस पार खचला होता.

त्या दिवशी कळंबोलीला मुलाखत होती. अनुयाने हातावर दही घातलं. "निघतो गं!" अशी रोजची हाक देऊन तो बाहेर पडला आणि लिफ्टपाशी चष्मा आठवला म्हणून परत फिरला. दार उघडंच होतं.

"ताई, गेला विनायक. या बाहेर," अनुया म्हणत होती.

बाथरूमची कडी वाजली. ताई बाहेर आली. आत दिवा नव्हता, तिचं अंग कोरडं होतं आणि हाताला अर्धवट मळलेली कणीक तशीच होती.

"ताई, अंधारात काय करत होतीस?"

"अरे, कामाला निघताना माझं तोंड कशाला दिसायला हवं तुला? तू 'निघतो' म्हणालास की मी आत जाते. हे गेल्यापासूनची सवय."

इतकी वर्षं! ताईला अंघोळीला फार वेळ लागतो म्हणून हा शहाणा तिची चेष्टा करायचा.

त्याने अनुयाकडे पाहिलं.

"मी नाही मानत रे असलं काही. पण आत्ता, अशा वेळी रिस्क कशाला?"

शिकलेल्या घरांतलं हे 'पण' फार लबाड. खरं सांगायचं तर विनायकच्याही मनात क्षणभर तेच आलं. आजची मुलाखत गेली तर? मग त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"ताई, दही तू घाल."

"नको रे विनू. उद्या बोल माझ्यावर येईल."

"मग मी जातच नाही." तो बुटांसकट खाली बसला. शेवटी ताईने कणकेचा हात धुऊन दही घातलं.

नोकरी मिळाली नाही. त्यांना तरुण पोरं हवी होती, तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. घरी अनुयाने फक्त एकदा ताईकडे बघितलं. ते बघणं ताईला पुरलं.

दुसऱ्या सकाळी तो उठला तेव्हा बाथरूमची कडी आतून लागलेली होती. दिवा नव्हता, पाण्याचा आवाज नव्हता. त्याने दार ठोठावलं.

"ताई!"

"तू उठायच्या आधीच आत आले रे," आतून आवाज आला. "दिसायलाच नको तुला."

विनायक दाराला टेकून फरशीवर बसला. "मला आज कुठेही जायचं नाही, ताई. आणि जाईन तेव्हा दही तूच घालणार. नोकरी नाही मिळाली तर नाही मिळाली."

अनुया बँकेची बॅग खांद्याला लावून मागे उभी होती. तिच्या तोंडावर आलेलं 'निघते' तिथेच अडलं. तिने बॅग खाली ठेवली.

आत कडीला हात लागल्याचा आवाज आला, पण कडी निघाली नाही. विनायक बसून राहिला. त्याच्याकडे आता वेळच वेळ होता.