वाळूचा ड्रम

हवालदाराच्या उजव्या हाताची करंगळीसकट तीन बोटं मेली होती, आणि ठाण्यात कुणाला ते कळू नये म्हणून तो रोज जीव मुठीत धरून कामाला यायचा. दंगलीत गाडीचं दार मनगटावर आपटलं, तेव्हापासूनची ही कथा. बोटं वाकायची, सलामही ठोकायची; फक्त त्यांना काही कळायचं नाही. घरी एकदा त्याने गरम पातेलं उचललं, कातडी भाजल्याचा वास सुटला आणि बायको किंचाळली.

"अहो, सांगून टाका की साहेबांना! डॉक्टर म्हणालेत ना, हलकं काम मागा म्हणून?"

"हलकं काम!" तो खेकसला. "कंबर गेली म्हणून लिखापढीला बसवलेल्या आमच्या रायटरला काय म्हणतात माहितेय? फर्निचर! साहेबसुद्धा म्हणतात."

मोठा शूर गडी, पण 'फर्निचर' या शब्दाला दंगलीपेक्षा जास्त घाबरायचा.

खरी पंचाईत व्हायची संध्याकाळी, पिस्तूल जमा करताना. शस्त्रागाराच्या टेबलापाशी आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, मग पिस्तुलाची वरची स्लाइड मागे ओढायची, करंगळी आत घालून गोळी राहिलेली नाही ना ते चाचपायचं आणि 'रिकामं' म्हणायचं. मग शस्त्रागार सांभाळणारे नाना टॉर्च मारून बघायचे आणि तेही 'रिकामं' म्हणायचे. शेवटी नळी वाळूच्या ड्रमात धरून चाप ओढायचा. रांग लांब असली की हे शेवटचं बरेच जण टाळायचे. दोघांनी तपासलंय, मग कशाला?

हवालदाराची करंगळी आत जायची आणि परत यायची. आत काय लागलं, लोखंड की हवा, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता. पण नाना होते ना! त्यांच्या नजरेतून डास सुटत नाही, अशी त्यांची ख्याती. त्या टॉर्चच्या भरवशावर हवालदाराने वर्ष काढलं होतं.

त्या दिवशी मोर्चाचा बंदोबस्त होता. डोकं ठणकत होतं आणि मागचा शिपाई "आटपा की हवालदार!" म्हणून ढोसत होता. हवालदाराने आधी स्लाइड ओढली, मग मॅगझिन काढलं. अगदी उलटं. मॅगझिनमधली गोळी तेवढ्यात वर चढून नळीच्या मागच्या तोंडाशी बसली होती. करंगळी आत गेली.

"रिकामं."

नानांनी टॉर्च मारली. "रिकामं. ठेव इथे."

टेबलावर आधीची पिस्तुलं पडली होती. नाना जागा करेपर्यंत वेळ घालवायचा म्हणून त्याने स्लाइड सोडली, नळी ड्रमात धरली आणि चाप ओढला.

बार उडाला. वाळू तोंडावर आली. रांगेतले सगळे जमिनीला चिकटले. साहेब केबिनमधून धावत आले.

"माझ्याकडून झालं साहेब, तपासताना," नाना पटकन म्हणाले. साहेब दोघांवरही डाफरले आणि परत गेले. रांगही पांगली.

"तुझी करंगळी आत गेली होती ना रे?" नानांनी हळूच विचारलं.

"गेली होती. पण तुम्ही बघितलंत ना नाना?"

नाना चष्मा पुसत राहिले. "मला टॉर्चचा उजेड तेवढा दिसतो. आतलं दिसत नाही. वर्ष होईल. तुझं 'रिकामं' ऐकतो आणि 'रिकामं' म्हणतो."

हवालदाराची नजर टेबलावर गेली. परवाच त्याने ड्रम टाळून पिस्तूल या टेबलावर सरकवलं होतं. नळीच्या समोर आज मागून ढोसणारा तो शिपाई बुटाची नाडी बांधत बसला होता.

"कुणापाशी बोलू नकोस," नाना म्हणाले. "माझे थोडेच दिवस राहिलेत. तुझंही झाकलेलं राहील."

हवालदाराने खाली पाहिलं. नानांनी त्याची बोटं घट्ट आवळून धरली होती.

"नाना, हात कधी धरलात?"

"मघाशीच. का रे?"

"मला कळलंच नाही. आत्ता दिसला म्हणून कळलं."

नानांची पकड सुटली.

हवालदार साहेबांच्या दाराशी गेला. परत फिरावं असं फार वाटलं. मागून भिंत चाचपत येणाऱ्या नानांच्या बुटांचा आवाज आला. त्याने उजव्याच हाताने दार ठोकलं.

"कोण आहे?" साहेब आतून ओरडले.

"दोघं आहोत साहेब," हवालदार म्हणाला.