झऱ्यावरचं जनावर

शुरूक तीन वर्षं एकाच जनावराच्या मागे होती. शशकर्ण म्हणजे काळ्या टोकदार कानांचं, उडी मारून हवेतलं पाखरू धरणारं रानमांजर. तीन वर्षांत तिच्या हाती काय लागलं, तर चार ठसे आणि शेपटीचा एक धूसर फोटो. तफीला गावच्या शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची. "शेपटी वाढली का, बाई?" असं सहकारी विचारत. ती हसण्यावारी न्यायची, पण मनाला लागायचं. यंदा तिने बिनपगारी रजा काढली, खालच्या खोऱ्यात झऱ्यासमोर दगडांची लपण रचली आणि पहाटेपासून आत बसू लागली.

अडचण होती अबू मुतलकची. शेळ्या राखणाऱ्या या म्हाताऱ्याचा तंबू झऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. आपल्या रानात पाहुणी उपाशी बसते म्हणजे घराण्याला बट्टा, म्हणून रोज उजाडता उजाडता तो रोटी आणि चहाची किटली घेऊन निघायचा. बरं, एकट्या बाईकडे चोरपावलांनी जाणं अब्रूचं नाही. त्यामुळे म्हातारा लांबूनच खाकरायचा, मग खोकायचा आणि शेवटी खड्या आवाजात गाणं धरायचा. पाण्यावर उतरलेले तितर भुर्रकन उडून जायचे. तितरच नाहीत तर त्यांच्या मागावरचं जनावर कशाला थांबतंय!

नवव्या दिवशी शुरूकचा धीर सुटला. "येऊ नका" असं तोंडावर सांगणं शक्य नव्हतं. वाढलेलं अन्न नाकारण्यापेक्षा शिवी परवडली. रस्ता एकच होता. संध्याकाळी ती तंबूत गेली. अबू मुतलकने कॉफी दिली, तिने तो कप न पिताच समोर ठेवला. बोलणं थांबलं. कप खाली ठेवणारा काही मागायला आलेला असतो, आणि खानदानी यजमान मागणं ऐकायच्या आधीच हो म्हणतो. बायका सहसा असं करत नाहीत.

"पी, पोरी," तो म्हणाला. "दिलं तुला."

"मी जाईपर्यंत तुमच्याकडचं कुणी झऱ्यावर येऊ नये, काका."

त्याने बायकोकडे एकदा बघितलं आणि मान डोलावली. शुरूकने कॉफी संपवली.

पुढचे चार दिवस खोरं गप्प होतं. पाचव्या सकाळी तितर उतरले आणि त्यांच्या मागून शशकर्ण आला. तो दबकला, उसळला, हवेतच वळला, तोंडात पाखरू घेऊन उतरला आणि निघून गेला. शुरूकला चाळीस फोटो मिळाले. ती लपणीत बसून मनसोक्त रडली आणि मग सांगायला तंबूकडे धावली.

तंबू जागेवर नव्हता. थंड राख आणि लेंड्या, बस्स. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या मनात फक्त चहाची किटली होती. मागणं मात्र साऱ्या घरादारावर आणि शेळ्यांवर जाऊन पडलं होतं. पाण्याशिवाय शेळ्या कुठे राहतात?

माग काढत ती दोन तास चालली. एका कोरड्या ओढ्यात म्हाताऱ्याची बायको, उम्म मुतलक, गाढवावरून पाण्याचे डबे उतरवत होती. शुरूकला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकी, मला एवढं नको होतं."

"मागितलंस, त्याने दिलं," म्हातारी म्हणाली. "आता रडू नकोस. इथे पाणी लांबून आणावं लागतं."

अबू मुतलकने एवढंच विचारलं, आलं का जनावर? शुरूकने कॅमेरा पुढे धरला. तो बराच वेळ बघत राहिला.

"हाच तो. माझी अकरा करडं याच्या पोटात आहेत."

उम्म मुतलकने मग सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने बंदूक भरून ठेवली होती, तेवढ्यात ही पोर आली आणि म्हणाली, त्यालाच बघायला आलेय. पाहुणी ज्याची वाट बघते त्याला कसं मारायचं?

"आणि मी गेल्यावर?" शुरूकने विचारलं.

"तू शनिवारी जाणार ना?" तो शांतपणे म्हणाला. "मग रविवारी."

तिला राग आला, पण कुणावर काढणार? अकरा करडं काही थोडी नव्हेत. तिने विचारलं, करडं कोंडता कशात? दगडी कुंपणात, तो म्हणाला. पूर्वी कमरेएवढं होतं, यंदा खपून डोक्याएवढं केलं, तरी करडू नेलंच.

शुरूकने कॅमेऱ्यातला दुसरा फोटो दाखवला. जनावर हवेत होतं आणि त्याच्या खाली झऱ्यावरचा तो मोठा खडक. त्या खडकाला टेकून अबू मुतलक वर्षानुवर्षं उभा राहिला होता. खडक त्याच्या खांद्याला लागायचा. खडकाच्या वर जवळजवळ तेवढंच मोकळं आभाळ होतं, आणि त्याच्याही वर जनावराचे पाय. म्हाताऱ्याने ते अंतर बोटांनी मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं.

"म्हणजे भिंत कितीही वाढवली तरी फुकट," तो म्हणाला. "वरून काट्यांचं छप्पर घालायला हवं."

"शनिवारच्या आत होईल?"

"शेळ्यांमागे फिरून मी एकटा काय काय करू?"

"आधी झऱ्यावर परत चला, काका," शुरूक म्हणाली आणि कॅमेरा पिशवीत ठेवला. "कोयता मला द्या."