शहाणी नावाची पेटी

ताईच्या हातची मोटर दुकानात परत येत नाही, अशी त्या बाजारात ख्याती होती. ताई म्हणजे सगळ्यांचीच ताई. सख्खा धाकटा भाऊ तर म्हणायचाच, पण वडील, आप्पा, तेही तिला ताईच म्हणायचे. वय चाळिशी उलटलेलं, चष्मा नाकावर घसरलेला, बोटांना वार्निशचा वास. जळलेल्या मोटरीतली काळी तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार खाचाखाचांतून भरायची, हे काम ती पंचवीस वर्षं करत होती. आप्पांची नजर अधू झाल्यापासून ते दाराशी खुर्ची टाकून बसत. धाकटा कॉलेजात शिकलेला, म्हणून गिऱ्हाइकांशी बोलण्याचं काम त्याच्याकडे. आणि बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे कबूल करायलाच हवं.

जळक्या मोटरी बघून बघून ताईच्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. मोटर सुरू होताना एकदम पाच-सहापट वीज ओढते. शेजारचे दिवे मंदावतात, फ्यूज उडतो, आणि रोजचा हा हिसका सोसून सोसून मोटर एक दिवस आतून जळते. लोक त्यावर टायमर लावतात: इतके सेकंद कमी वीज, मग पूर्ण. ताईचं म्हणणं असं, की घड्याळाला काय डोंबल कळतंय? रिकामा पंखा दोन सेकंदांत पळायला लागतो, लाकूड अडकलेली करवत दहा सेकंद कुंथते. विचारायचंच तर मोटरीला विचारा. तिने वेग पकडला की तिची ओढ आपोआप उतरते. ती उतरली की मगच पुढची वीज सोडायची, आणि काम हलकं झालं की हात आखडता घ्यायचा.

चार वर्षं तिने या एकाच गोष्टीचा ध्यास घेतला. मोटरीला अशी वीज सोडणाऱ्या तिच्या अकरा पेट्या धूर काढून मेल्या. बारावी चालली, आणि अशी चालली की करवतीची मोटर कुरकुर न करता उठली, वरचा दिवा जरासुद्धा हलला नाही. ताईने तिचं नाव ठेवलं शहाणी.

पेटंटचं काम भावाने अंगावर घेतलं. "फॉर्म, वकील, हेलपाटे, ते सगळं माझ्यावर सोड ताई. तू फक्त आकृत्या काढून दे." तिने काढून दिल्या. भावावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

आता त्या दुकानाचा एक नियम होता, आप्पांनी घालून दिलेला. ज्याने मोटर तपासली त्याने कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात सही करायची. सहीशिवाय मोटर उंबरा ओलांडणार नाही. पंचवीस वर्षांत ताईने अशा किती सह्या केल्या असतील, देव जाणे. वरचा मजकूर तिने कधी वाचला नाही. ती मोटर वाचायची. एका दुपारी भावाने गठ्ठा पुढे केला. "शहाणीचे चाचणीचे कागद आहेत. सही कर." ताई प्रामाणिक बाई. तिने काम बाजूला ठेवलं, शहाणी पुन्हा तीनदा चालवून बघितली, समाधान झालं, आणि मग नऊ ठिकाणी सही केली. पेटी तीनदा तपासली, कागद एकदाही नाही.

महिन्याभराने एका कंपनीचे दोन साहेब पेटी बघायला आले. भावाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. "ही सात सेकंद थांबते आणि मग पूर्ण सप्लाय देते," तो ऐटीत म्हणाला.

ताईला राहवेना. "अरे, सेकंद कुठे मोजते ती? मोटरीची ओढ उतरायची वाट बघते. हे बघा साहेब." तिने करवत आधी रिकामी चालवली, मग फळी लावून. दोन्ही वेळेला पेटीने निरनिराळा वेळ घेतला. थोरले साहेब खूश झाले आणि भावाकडे वळून म्हणाले, "टेस्टिंगच्या बाईंना छान तयार केलंय हो तुम्ही!"

ताई हसली. आता भाऊ सांगेल, म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं. तो फडक्याने पेटी पुसत होता. चांगली स्वच्छ पेटी.

"टेस्टिंगच्या बाई?" तिने विचारलं.

बिचाऱ्या साहेबांच्या मनात काही नव्हतं. त्यांनी आपली फाइल तिच्यापुढे धरली. शोधकर्ता म्हणून भावाचं नाव. खाली ओळ: 'मी केवळ चाचणी घेतली असून या शोधावर माझा कोणताही हक्क नाही.' आणि उजव्या कोपऱ्यात तिची सही, सरळ, सुबक, नेहमीसारखी.

परक्यांपुढे घरची लक्तरं काढायची नाहीत म्हणून ती साहेब जाईपर्यंत गप्प राहिली. मग मात्र तिचा आवाज चढला. "हे काय आहे रे?"

"सही तुझीच आहे ताई."

"तुझ्या तोंडाकडे बघून केली होती मेल्या!"

तो आप्पांकडे बघायला लागला. ताईही वळली. आप्पांचा तिला भरवसा होता. पोरीने भरलेली मोटर नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला याच आप्पांनी एकदा दुकानाबाहेर काढलं होतं. "आप्पा, तुम्हीच सांगा याला."

आप्पांनी घसा खाकरला. "मला माहीत होतं. त्याने वाचून दाखवलं होतं. मीच म्हटलं, असंच कर."

ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तुझं नाव लागलं असतं तर कंपनीवाले तुला उचलून घेऊन गेले असते," आप्पा म्हणाले. "मग इथल्या मोटरी कुणी भरायच्या? याने? याला खाच कुठली नि तार कुठली ते कळत नाही. तुझ्यासारखा हात उभ्या बाजारात नाही गं ताई. माझाही नव्हता."

हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला ती पंचवीस वर्षं आसुसली होती. आज ते आले आणि तिला ते नकोसे झाले. भावाचा तिला राग आला होता. आप्पांचा रागसुद्धा येईना.

टेबलावर एक मोटर पडली होती, छत्तीस खाचांची. एकोणीस भरून झाल्या होत्या आणि विसाव्या खाचेतून तार लोंबत होती. ताईने खुंटीवरची पिशवी घेतली.

"अगं, कुठे निघालीस? ही अर्धी आहे. पाचला गिऱ्हाईक येईल," भाऊ म्हणाला.

ती दारात, आप्पांच्या खुर्चीपाशी थांबली. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ती खाली वाकली.

"आप्पा, मला एकदा विचारलं असतंत ना," ती म्हणाली, "तर मी कुठेच गेले नसते."

आणि ती उंबरा उतरून रस्त्याला लागली.