इथला माणूस

कोर्टात बायकांना बसायला एकच जागा होती, ती म्हणजे जिना. साक्षीदारांची म्हणून जी खोली होती तिच्यात जुन्या फायली भरल्या होत्या, आणि खालच्या हॉलमध्ये दोन कोर्टं पाळीपाळीनं चालायची. जेवणाआधी एक, जेवणानंतर दुसरं. त्यामुळं ज्याचं माणूस आत आहे तोही जिन्यावर, आणि ज्याच्या माणसाला मार बसला तोही जिन्यावरच. वृषाली वळणाच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर अर्पिता. खाली, कठड्याशी मयूरी. सकाळपासून दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नव्हतं, आणि न पाहायला दोघींनाही कष्टच पडत होते.

मयूरीचा नवरा भारत आणि वृषालीचा हर्षदीप एकाच गावचे, तेलंगणातल्या जैनथकडचे. कापूस खरेदीला गाड्यांची रांग लागली, कोणीतरी मध्ये गाडी घुसवली, भांडण पेटलं आणि त्यात भारतचं डोकं फुटलं. पोलिसांनी चौघांना उचललं. बाकीचे तिघं कधीच घरी आले; त्यांच्या घरी शेत होतं, भाऊबंद होते. हर्षदीपलाही जामीन मंजूर झाला होता, पण त्याच्यासाठी जामीनदार म्हणून उभं राहायला कोणी नव्हतं. आईबाप नाहीत. शेत तर त्यांच्या घरात कधीच नव्हतं, आजापणजापासून सगळे दुसऱ्याच्या बांधावर राबलेले. त्याचा एक आटो तेवढा होता, तो आता अंगणात ताडपत्रीखाली उभा. अर्पिता रांगायला लागली ती बाप आत असतानाच.

आज वृषालीनं माहेरच्या धोंडीबामामाला आणलं होतं. मामाचं शेत पैनगंगेच्या काठावर, चांगलं काळं, बिनबोजाचं. सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यानं बंडीच्या आतल्या खिशात ठेवला होता. कोर्टानं फुकट दिलेला वकील रविकांत, त्यानं तो उघडून पाहिला आणि परत घडी घातली.

"मामा, हे तर महाराष्ट्रातलं शेत हाय."

"मंग? नदी ओलांडली का शेतच लागते ना. आमचे बैल पाणी प्याले इकडं येतात."

रविकांतनं त्याला समजावून सांगितलं. जमीन याच जिल्ह्यातली पाहिजे. नदीपलीकडची असली तर तिकडच्या तहसीलला पत्र जाणार, तिथून खातरजमा होऊन उत्तर येणार, कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. मामा ऐकत राहिला. वृषालीला मान वर करवेना. ती बीएस्सी झालेली, निदान तिनं तरी आधी विचारायला हवं होतं. पण सोयरिकी नदीच्या दोन्ही काठांना, बाजार दोन्ही काठांना, बाळंतपणं दोन्ही काठांना. त्या पट्ट्यात कोणी पाण्याकडं हद्द म्हणून पाहिलंच नव्हतं. मामाला परतीची बस धरायची होती. जाताना त्यानं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आमी फक्त लग्नातल्या पंगतीचे सोयरे, पोरी."

तो गेल्यावर रविकांत जिन्यावरच तिच्याशेजारी टेकला. अजून एक वाट आहे, म्हणाला. आज कमिटी बसणार होती. जज्जसाहेब, कलेक्टरांकडचे साहेब, पोलिसांचे अधिकारी, जेलचे अधिकारी, सगळे एकत्र. जेल भरून गेलं होतं. ज्यांना जामीन झालाय पण जामीनदाराअभावी जे अडकलेत, त्यांची नावं काढून स्वतःच्या हमीवर सोडता येतात का ते पाहणार होते. हर्षदीपचं नाव त्यात होतं. फक्त एका माणसानं येऊन सांगायचं, की हा इथं राहतो आणि तारखेला इथंच सापडेल. आज जमलं नाही तर पुढची बैठक तीन महिन्यांनी.

"मी सांगते ना," वृषाली म्हणाली.

रविकांतनं तिचं आधार कार्ड मागितलं. पाहिलं. त्याच्यावर माहेरचा पत्ता होता, यवतमाळ जिल्ह्यातला. तिनं तो मुद्दाम बदलला नव्हता. तिकडच्या सरकारी परीक्षा द्यायच्या तर पत्ता तिकडचाच असलेला बरा, असं तिनं लग्नाच्या वेळीच ठरवलं होतं. जपून चालायची सवयच होती तिला.

"ताई, कागदावर तर तुमीच इथल्या नाई," रविकांत म्हणाला, पण हळू म्हणाला.

तेवढ्यात शिपायानं हॉल रिकामा करवला. कमिटीला बसायला वेगळी खोली नव्हती, म्हणून कमिटी हॉलमध्येच. ज्यांच्या तारखा होत्या ते सगळे बाहेर आले, जिना आणखी भरला. मयूरी आज साक्षीला आली होती, तिचंही काम पुढं ढकललं. ती दोन पायऱ्या वर सरकली. आता तिच्या पदराचं टोक वृषालीच्या चपलेला लागत होतं.

जिन्याच्या खिडकीतून आतलं ऐकू येत होतं. बोलणं तेलुगूत, मध्येमध्ये इंग्रजी. वृषालीला निम्मंअर्धं कळत होतं. जेलवाले म्हणत होते, माणसं पाळीनं झोपतात. पोलीस म्हणत होते, कैदी कोर्टात आणायला माणसं पुरत नाहीत. कोर्ट म्हणत होतं, आणलेच तर ठेवायचे कुठं, इथं कोठडी नाही, दिवसभर गाडीतच बसतात. म्हणून जेलमधूनच व्हिडिओच्या पडद्यावर हजर करा, असं पूर्वीच ठरलेलं. नवीन इमारत झाली की सगळं सुटेल, असं कोणीतरी म्हणालं आणि कोणीतरी हसलं. किती खोल्या, किती चौरस फूट, हे मात्र बराच वेळ चाललं. वृषालीला तो पडदा आठवला. मागच्या तारखेला हर्षदीप त्याच्यात दिसला होता, हातभर, जरासा निळसर. तिनं पोरीला उचलून धरलं होतं. तो भलतीकडंच पाहत होता. त्याला समोर फक्त जज्जसाहेब दिसत असणार.

तिनं गावात फोन लावले. चंपतराव गावातले मोठे, त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या घरी सांगितलं, माणसं शेतात आहेत, सांजच्याला पाहू. तिसरा फोन कोणाला लावावा ते तिला सुचेना. हर्षदीपला नेल्यापासून तिच्या दारात कोणी आलं नव्हतं. पण दार तिनंही लावूनच घेतलं होतं. कोण काय विचारील, कोण कसं पाहील, याच्या धाकानं ती विहिरीवरसुद्धा बायका घरी गेल्यावर जायची. गावातल्या एकाही बाईचा नंबर तिच्याकडं नव्हता.

रविकांत दारातून डोकावून गेला. हर्षदीपचं नाव येत होतं.

"वहिनी," वृषाली म्हणाली.

मयूरीनं मान वळवली नाही.

"आत येऊन एक सांगाल का? हे आपल्या गावचे हायत, एवढंच."

"तुले दुसरं कोणी नाई भेटलं?"

"नाई."

"माह्या माणसाच्या डोक्याले टाके पडले. अजून रात्री दचकून उठतो तो. अन् मी तुह्या माणसाची ओळख देऊ?"

अर्पितानं खाली हात टाकून मयूरीचा पदर धरला, तिनं तो सोडवून घेतला. मग मयूरीनं पहिल्यांदा वृषालीकडं पाहिलं.

"खरं सांग. त्यानंच मारलं का?"

नाही म्हणायला हवं होतं. वकिलानं तसंच शिकवलं होतं.

"मले ठाव नाई," वृषाली म्हणाली. "मी विचारलंच नाई त्याईले. भ्या वाटलं."

मयूरी बराच वेळ कठड्याच्या गजाला नखानं खरवडत राहिली. "आमच्या घरच्यालेही ठाव नाई," ती म्हणाली. "गर्दी होती म्हणतो." आणि थोड्या वेळानं, जरा चिडूनच, "माह्या पोरी तुह्या माणसाच्या आटोत शाळेत जात होत्या. आता पायी जातात. त्या रोडनं. कापसाचे ट्रक असे चालतात का, त्या घरी येईतो मी जीव मुठीत धरून राहते."

रविकांतनं पुन्हा हाक मारली. मयूरी उठली, पदर खांद्यावरून घेतला.

"चांगला हाय असं नाई सांगणार मी."

आत तिनं तेवढंच सांगितलं. गावाचं नाव, गल्ली, घर कुठं, आटो कुठं उभा असतो. जज्जसाहेबांनी विचारलं, आपण कोण. ती म्हणाली, ज्याचं डोकं फुटलं त्याची बायको. आतलं बोलणं थांबलं. कोणीतरी खुर्ची सरकवली. रविकांतनं ते तेलुगूत पुन्हा सांगितलं. मग कागदांचा आवाज आला.

बाहेर आल्यावर मयूरी थेट फाटकाकडं निघाली. वृषाली पोरीला कडेवर घेऊन मागं धावली.

"वहिनी..."

"मले काही म्हणू नको. गावात सांगू नको. आमच्या घरी कळलं तर मले उंबरा बंद होईल." ती थांबली. "तुह्या माणसालेही सांगू नको. पुरुषाच्या पोटात राहत नाई."

जेवणानंतर त्याच हॉलमध्ये सुटकेचा हुकूम झाला आणि दिवस कलायच्या आत जेलला पोचला. वृषाली जेलच्या भिंतीला लागून उभी राहिली. आजूबाजूला चहाची टपरी, दोनतीन आटो, ओळखीचं कोणी नाही. हर्षदीप बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात फक्त एक पिशवी होती. दाढी वाढलेली. पोरीकडं पाहून तो हसला, पण घेतलं नाही तिला. हात सदऱ्याला पुसत राहिला.

"कोण आलं होतं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाई. जेलात जागा नाई म्हणे. म्हणून सोडलं."

त्यानं मान हलवली. बसस्टँडवर गाडीची वाट पाहताना तो म्हणाला, "म्हणजे गावातलं एक माणूस नाई उठलं. सगळ्यांची पोरं नेली मी, ऊन पाहिलं नाई, पाणी पाहिलं नाई."

वृषालीनं पोरीचं टोपडं सारखं केलं.

"आता गावातलं एकही लेकरू बसवणार नाई आटोत. कोणाचंच."

"मयूरीवहिनीच्या पोरी बसवा," ती म्हणाली.

तो तिच्याकडं पाहत राहिला. "भारतच्या? काऊन?"

गाडी स्टँडात शिरत होती, माणसं दाराकडं धावायला लागली. तिला सांगायचं होतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कोणाला तरी सगळं सांगावंसं वाटत होतं.

"पायी जातात त्या," ती म्हणाली, आणि जागा धरायला पुढं झाली.